नमऱ्याच्या गोष्टीतली भोकं

पहिलं भोक मला त्याच्या गालावर दिसलं.

मी तेव्हा नववीत होते. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर एक हिंदी मालिका लागायची. तिच्यातल्या खलनायकावर हजार वर्षांपूर्वी आकाशातून पडलेल्या एका निळ्या दगडाचा उजेड पडला होता आणि तेव्हापासून तो मरेनासा झाला होता. तलवार पोटातून आरपार गेली तरी जखम आपोआप मिटायची. मालिकेत त्याला चांगलं भारदस्त नाव होतं, पण बाबांनी पहिल्याच रविवारी त्याचं 'नमऱ्या' असं बारसं केलं आणि आमच्या घरात तेच टिकलं.

तर या नमऱ्याच्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत वण होता. नायकाच्या आजोबांनी त्याच्यावर सुरा चालवला होता, त्याचा तो वण. हे त्यांनी सविस्तर दाखवलं, ढोलताशाच्या आवाजात.

"जखम मिटते तर वण कुठून आला?" मी विचारलं.

"तो सुरा वेगळा असन," बाबा म्हणाले.

"वेगळा म्हणजे कसा?"

"पाय ना गुपचूप."

आई शिलाई मशीनवर बसलेली होती. तिला या मालिकेत काडीचा रस नव्हता. ती मान वर न करता म्हणाली, "जो मरतच नाई, त्याले पाहून काय भेटते तुमाले?"

मी गुपचूप पाहिलं नाही. पुढच्या रविवारी दुसरं भोक सापडलं. नमऱ्या मरत नाही, मग अंगावर लोखंडी चिलखत कशाला घालतो? आणि वाड्याच्या दारात भालेवाले पहारेकरी कशाला? बाबांनी उत्तर दिलं की चिलखत थंडीसाठी असेल. एकदा भोकं दिसायला लागली की मग थांबत नाहीत. पोरीच्या जातीनं इतकं उलटं बोलू नये, असं शेजारच्या काकूंनी आईला समजावलं. आई म्हणाली, "ते टीव्हीले बोलून राह्यली, मले नाई."

ती वर्षं भारनियमनाची होती. अमरावतीत आमच्या भागातली लाइन मालिका अर्ध्यावर आली की जायची. नमऱ्या हात उंचावून हसायला लागे आणि पडदा काळा होई. पण अकोल्यात, जिथं माझ्या आत्याबाई राहायच्या, तिथं नेमकं उलटं होतं. संध्याकाळभर अंधार आणि मालिका मध्यावर आली की उजेड. म्हणजे एका भागाचं डोकं आमच्याकडं आणि धड अकोल्यात.

बाबा लाल गाडीवर कंडक्टर होते, अमरावती-अकोला मार्गावर. मालिका सुरू होऊन काही आठवडे झाले आणि रविवारी त्यांना मुक्कामाची ड्युटी लागली. ते संध्याकाळी अकोल्यात पोचत, आत्याबाईंकडे जेवत आणि सोमवारी सकाळची गाडी घेऊन परत निघत. त्यामुळे आमची व्यवस्था अशी बसली. मी घरी पहिला अर्धा भाग पाहायचा. लाइन गेली की मधल्या जाहिराती संपायच्या आत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन कॉइन बॉक्सवरून आत्याबाईंकडे फोन लावायचा आणि सगळं घडाघडा सांगायचं. तिकडे बाबा आणि आत्याबाई ते ऐकून उरलेला भाग पाहणार. सोमवारी दुपारी बाबा घरी आले की मला शेवट मिळणार. फोनवर मागं किराणावाल्याचं गिऱ्हाईक उभं असायचं. त्यातली काही माणसं रॉकेल घेऊन झालं तरी निघायची नाहीत. एक बाई तर मला म्हणाली, "हळू सांग वं, घाई कायची."

आत्याबाई बाबांच्या मोठ्या बहीण. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. अकोल्यात एका शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या घरात दोन खुर्च्या होत्या, एक त्यांची आणि एक जो येईल त्याची. बाबा जगात कुणाला घाबरत असतील तर या बहिणीला. त्यांनी मालिका पाहायला सुरुवात केली ती भावाला सोबत म्हणून. पण महिन्याभरात त्या माझ्यापेक्षा पुढे गेल्या.

"पोरी," त्या फोनवर म्हणाल्या, "तुया नमऱ्याले हजार वर्सं झाले. बरोबर?"

"हो."

"त्याले जग जिंकायचं हाय. बरोबर?"

"हो."

"मंग हजार वर्सांत त्यानं केलं काय? एक गाव बी घेतलं नाई त्यानं आजपर्यंत. एवढ्या वेळात तर माया वर्गातला शेवटच्या बाकावरचा पोट्टा बी पास झाला असता."

मागून बाबांचा आवाज आला, "बाई, गोष्ट आहे ते."

"गोष्ट आहे म्हनूनच म्हनतो," आत्याबाई म्हणाल्या. "खरं असतं तर सोडून देलं असतं."

हे वाक्य मला तेव्हा नीट कळलं नाही, पण आवडलं. आम्ही दोघींनी मग त्या मालिकेची पार चाळणी केली. नमऱ्या बंद खोलीत हवा नाही म्हणून बेशुद्ध पडला होता आणि दोनच आठवड्यांनी समुद्राच्या तळाशी चालत गेला. त्याला हजार वर्षांपूर्वीच्या सगळ्या गोष्टी आठवत होत्या, पण नायकाच्या आईला तो ओळखेना, कारण मधल्या काळात आईचं काम करणारी बाई बदलली होती. बाबा प्रत्येक भोकाला ठिगळ लावायचे. बेशुद्ध पडायचं त्यानं नाटक केलं असेल. आई आजारातून उठली म्हणून चेहरा उतरला असेल. त्यांची ठिगळं ऐकून आत्याबाई कपाळावर हात मारायच्या. मी चिडायचे. मला वाटायचं, बाबांना त्या खोट्या गोष्टीची बाजू घ्यायची काय गरज आहे?

ती गरज मला दिवाळीच्या सुट्टीत समजली. आत्याबाईंकडे राहायला गेले होते आणि सोमवारी सकाळी बाबांच्याच गाडीनं परत निघाले. पुढच्या दाराजवळच्या सीटवर बसले. गाडी अकोल्यातून बाहेर पडली, बाबांनी मागून पुढं येत सगळी तिकिटं कापली, पेटी काखेत घेतली, दांड्याला टेकून उभे राहिले. आणि बोरगाव मंजूच्या अलीकडे एका म्हाताऱ्या बाबाजींनी विचारलं, "मंग कंडक्टर, काल काय झालं?"

बाबांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली.

मी थक्क झाले. शहरात निदान अर्धी संध्याकाळ तरी लाइन असायची. रस्त्यावरच्या खेड्यांमध्ये रविवारी संध्याकाळी ती नसायचीच. मालिका सुरू झाली तेव्हा त्या लोकांनी दोनचार भाग पाहिले होते, आणि मग अंधार. कधीतरी कुणीतरी बाबांना सहज विचारलं असेल, त्यांनी सांगितलं असेल. आता सोमवारच्या त्या गाडीत ठरलेली माणसं होती. बाजाराला निघालेल्या बाया, मूर्तिजापूरला कचेरीत जाणारे एक मास्तर, फळांचा व्यापार करणारे एक चाचा. काही जण तर, पुढं कळलं, आधीची गाडी सोडून हिची वाट बघायचे.

आणि बाबा काय सांगत होते! ती मालिका नव्हतीच. तिच्यात नमऱ्याच्या पहारेकऱ्यांपैकी एकाला गावाकडं म्हातारी आई होती. नायकाचं काळात मागंपुढं नेणारं यंत्र बिघडलं की तो ते बडनेऱ्याच्या गॅरेजवाल्यासारखा ठोकून सुरू करायचा. नमऱ्या ओरडायचा ते वऱ्हाडीत. "काऊन बे, मले ओळखलं नाई का तू?" गाडीत हसू फुटायचं.

मी उभी राहिले. "बाबा, असं नव्हतं दाखवलं."

सगळी गाडी माझ्याकडं पाहायला लागली. बाबांचा चेहरा पडला. चाचा म्हणाले, "किसकी बच्ची है?"

"माझीच आहे," बाबा म्हणाले. "ते अशीच आहे."

"तो बोलने दो ना. बोल बेटा, कैसा था?"

मी सांगितलं. बाबांनी हुज्जत घातली. लोकांनी बाजू घेतल्या. मूर्तिजापूर कधी आलं कळलं नाही. त्या दिवसापासून मी त्या गाडीत जेव्हा जेव्हा असे, तेव्हा गोष्ट दोघं मिळून सांगायची असा पायंडा पडला. बाबा सांगायचे आणि मी आडवं बोलायचे.

त्या सुट्टीत मी बाबांबरोबर आणखी काही फेऱ्या केल्या, तेव्हा गाडीतलं इतर बोलणंही माझ्या कानावर पडलं. पेरलेलं उगवलं नव्हतं, पुन्हा पेरलं ते पावसानं ताण दिला म्हणून करपलं. कापसाच्या गाड्या बाजार समितीच्या बाहेर उभ्या होत्या. बाबा नव्या प्रवाशाला विचारायचे, "कोन्या गावाले?" आणि माणूस गावाचं नाव सांगून पुढं म्हणायचा, "तेरवी आहे." म्हणजे कुणाचा तरी तेरावा. काही आठवड्यांत तर एकाच गाडीत वेगवेगळ्या गावांच्या तेरवीला निघालेली माणसं असत. ती एकमेकांना काही विचारत नसत. बाबा घरी आले की पेटी ठेवून बराच वेळ नुसते बसायचे, हे मला माहीत होतं. का बसायचे, ते आता कळलं.

त्याच सुट्टीत आमचं मोठं भांडण झालं.

मालिकेच्या अगदी सुरुवातीला एक प्रसंग होता. नमऱ्यासमोर विषाचा पेला ठेवतात. तो सगळ्या दरबारासमोर तो पितो, ओठ पुसतो आणि हसतो. त्यावरून लोकांना कळतं की हा मरत नाही. सगळी गोष्ट त्या पेल्यावर उभी होती. त्या सोमवारी गाडीत दोन नवी माणसं होती, त्यांना सुरुवातीपासून ऐकायचं होतं. बाबांनी सांगितलं, पण पेला गाळला. नमऱ्या दरबारात आला, सगळे घाबरले, पुढं चला.

"बाबा, विष राहिलं," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

"बाबा, त्यानं विष पेलं ते राहिलं. नाहीतर लोकांना कसं कळलं तो मरत नाही?"

"खाली बस," बाबा म्हणाले. इतक्या थंड आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी बसले, पण मूर्तिजापूरला गाडी थांबल्यावर चहाच्या टपरीवर त्यांना गाठलं. म्हटलं, तुम्हीच गोष्टीला भोक पाडलं. आम्ही दाखवतो तेव्हा ठिगळ लावता आणि आता स्वतःच फाडता.

बाबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मागच्या महिन्यात सांगतला होता मी तो पेला," ते म्हणाले. "हातवारे करून. कसा पेला, कसा तोंड पुसून हासला. मांगं एक बाई होती, लेकराले घेऊन. ते उठली अन् म्हने, कंडक्टर, गाडी थांबवा. म्हटलं, बाई, तुमचं गाव तर पुढं आहे. म्हने, थांबवा. उतरली. तिथं काईच नव्हतं, नुसतं वावर. लेकरू कडेवर घेऊन उभी राह्यली रस्त्यावर. मी खिडकीतून विचारलं, काय झालं, तर म्हने, आमच्या घरी फवारनीचं पेल्यावर कोनी हासलं नाई."

चहावाल्यानं स्टोव्हला पंप मारला. बाबांनी पुन्हा ग्लास उचलला नाही.

"म्हनून पेला नाई सांगत," ते म्हणाले. "भोक पडलं तर पडू दे."

पण मी गप्प बसणारी पोर नव्हते. मला वाटलं की भोक पडू देणं हा काही उपाय नाही. त्या बाईला ज्यानं दुखलं ते काढायचं हे खरं, पण मग तिथं दुसरं काही का नको? गाडी बडनेऱ्याला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत विचार करत होते. घरी आल्यावर बाबांना म्हटलं, "तो मरत नाही हे दाखवायला त्याला मारायची काय गरज आहे? एक म्हातारी दाखवा. ती दरबारात येते, काठी टेकत. नमऱ्यासमोर उभी राहते आणि म्हणते, मी सहा वर्षांची होते तेव्हा तू मला गावच्या विहिरीवर पाणी पाजलं होतं. तू तेव्हाही असाच होता, मिशीचा एक केसही पांढरा झाला नाही. आता माझ्या नातवाला नातू झाला."

बाबा माझ्याकडं पाहत राहिले. मशीनचं पायडल थांबलं. आई म्हणाली, "हे चांगलं हाय."

"हे त्या टीव्हीवाल्याइले काऊन नाई सुचलं?" बाबा म्हणाले.

पुढच्या सोमवारी त्यांनी म्हातारी सांगितली. ते म्हातारे बाबाजी म्हणाले की हा प्रसंग त्यांनी स्वतः पाहिला आहे, लाइन होती त्या दिवशी.

गोष्ट अशी हिवाळाभर चालली. मग आगाराला तक्रार गेली. तक्रार करणारा माणूस कोण ते आम्हाला कधी कळलं नाही. त्यात लिहिलं होतं म्हणे की कंडक्टर कामाच्या वेळी मनोरंजन करतो, गाडीत गोंधळ होतो आणि सांगतो तेही चुकीचं सांगतो, मालिकेत तसं नाहीच. साहेबांनी बाबांना बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता, नियमानं बोलत होता. त्यानं विचारलं, तिकीट न कापता कुणी प्रवास केला का? नाही. गाडीला उशीर झाला? नाही. मग त्यानं सांगितलं की तरीही हे बंद करा.

बाबा म्हणाले, "साहेब, गाडीत लोक बोलतातच. मी नाई बोललो तर ते तेरवीचं बोलतात."

साहेबानं तक्रारीचा कागद फाइलमध्ये ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही बंद करणार की नाही तेवढं सांगा."

"नाई करनार," बाबा म्हणाले.

हे त्यांनी घरी येऊन आम्हाला सांगितलं. आयुष्यात साहेबाला नाही म्हणायची त्यांची ती पहिलीच वेळ. मला ते इतके उंच कधीच वाटले नव्हते. आठवड्याभरात त्यांचा मार्ग बदलला. अकोल्याऐवजी अंजनगाव सुर्जी. बदलीच्या कागदावर कारण काही नव्हतं.

आणि त्याच सुमाराला मालिका बंद पडली. शेवट न करता. एका रविवारी नमऱ्या पर्वतावर उभा राहून हसला, आणि पुढच्या रविवारी त्या वेळेला नाचाची स्पर्धा लागली. लाइन गेली म्हणून नव्हे. दोन्ही गावांत लाइन होती त्या दिवशी. मी कॉइन बॉक्सवरून फोन लावला. आत्याबाई म्हणाल्या, "हे भोक नाई. हा तर निस्ता पळ काढला."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुन्हा अकोल्याला गेले. सोमवारी परत निघायचं होतं. आत्याबाईंचंही अमरावतीत काम होतं, म्हणून दोघी सकाळच्या त्याच गाडीत चढलो. कंडक्टर नवा होता, बाबांच्यापेक्षा तरुण, कडक इस्त्रीचा. बोरगावच्या आधीच बाबाजींनी त्याला विचारलं, "पहिले कंडक्टर कुठं गेले? गोष्ट राह्यली आमची."

"गोष्टबिष्ट नाही इथं," तो म्हणाला. "सुटे पैसे काढा."

गाडी काटेपूर्णेचा पूल ओलांडत होती. नदीत पाणी नव्हतं. बाबाजी खिडकीकडं तोंड करून बसले होते. मी उठले आणि दांडा धरून उभी राहिले. आत्याबाईंनी माझी ओढणी ओढली नाही. त्यांनी नुसती आपली पिशवी माझ्या सीटवर ठेवली, म्हणजे कुणी बसू नये.

"मी सांगते," मी म्हटलं. "टीव्हीवर त्यांनी शेवट केलाच नाही. नमऱ्या जिवंत आहे."

"ए मुली, खाली बस," कंडक्टर म्हणाला.

"तिकीट काढलंय मी. उभं राहूनही जाता येतं."

"अन् मायं बी हाय," आत्याबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. वर्गात बोलतात तो आवाज. कंडक्टर मागच्या सीटकडं वळला.

मग मी पर्वतापर्यंतची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर म्हटलं की आता याला मारायचं कसं ते आपण ठरवू, कारण टीव्हीवाल्यांना ते जमलं नाही.

फळवाले चाचा म्हणाले, "हीरो के पास टाइम की मशीन है ना? उसी दिन पे जाना, जब पत्थर गिरा. उठाके कुएँ में डाल देना. खतम."

"पण चाचा, ती मशीन नायकानं बनवली ती नमऱ्याशी लढायला. नमऱ्याच झाला नाही तर मशीन कशाला बनवेल? आणि मशीन नाही तर दगड कोण उचलेल?"

चाचांनी दाढी खाजवली. "ये भी सही है."

एक बाई म्हणाली, जाळा. मी म्हटलं, जळत नाही, दाखवलंय. एक जण म्हणाला, कैदेत टाका. मास्तर म्हणाले, हजार वर्षं त्याला कोण जेवण पोचवेल? प्रत्येक उपायाला कुणी ना कुणी भोक दाखवत होतं, आणि ते दाखवणारी मी एकटी नव्हते. मला वाटलं, शेवट होणारच नाही.

तेव्हा बाबाजी खिडकीकडून वळले.

"मारता कायले?" ते म्हणाले. "मरत नाई ना? बरं हाय. वखरावर लावा त्याले. कुरुमकडं दोन एकर कोरडवाहू द्या अन् सांगा, कर आता शेती."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एक बाई हसली, आणि तिच्यामागं अख्खी गाडी.

"उगवलं नाई तं दुबार पेर म्हना."

"विहीर खोदली तं लाइन रात्री देऊ त्याले. थंडीत पानी धर म्हना, चिलखत घालून."

"कापूस घेऊन आला तर रांगेत उभा करा. शेवटी."

"मशीन वापरून पुढं जाऊन भाव पाहून आला तर?" मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला राहवेना.

"पाहू दे ना," बाबाजी म्हणाले. "पाहून काय करते? आमाले नाई का दिसत पुढचं?"

"अन् पळून गेला तर?"

यावर मागून कंडक्टर बोलला. तो कधी पुढं येऊन उभा राहिला होता ते मला दिसलं नव्हतं. "पळणार कसा? पळायला गाडी लागते. अन् ऐका, हजार वर्सांचा असला तरी त्याला म्हाताऱ्याचं अर्धं तिकीट मिळणार नाही. वयाचा दाखला आणायचा."

चाचा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाबाजी हसले नाहीत. ते समाधानानं बसून होते, एखाद्या पंचायतीत निकाल दिल्यासारखे. कुरुमच्या फाट्यावर ते उतरले आणि खालून मला म्हणाले, "बापाले सांगजो, शेवट आमी केला म्हनून."

बडनेऱ्याला आत्याबाईंनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "भोक हाय."

"कुठं?"

"जो मरत नाई त्याले भूक लागत नाई. भूक नाई तर तो शेती कायले करन?"

"त्याले लागत नसन, गावाले लागते," मी म्हटलं. "त्यानं गावासाठी पिकवायचं."

"आयकते कशावरून तो?"

"तुमीच म्हणाला ना, हजार वर्षांत त्याला एक गाव घेता आलं नाही. गाव काही त्याला घाबरत नसणार."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहून घेतलं. "चालते," त्या म्हणाल्या. "पूर्ण गुण नाई देत. पन चालते."

संध्याकाळी बाबा अंजनगावची ड्युटी संपवून घरी आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला मध्येच थांबवून पुन्हा पुन्हा विचारलं. चाचा कोणत्या सीटवर होते? मास्तरांनी काय म्हटलं? बाबाजी हसले का? अर्ध्या तिकिटाचं कंडक्टरनं स्वतःहून म्हटलं की तू शिकवलंस? नव्या मार्गावर गेल्यापासून ते गाडीत काही बोलत नव्हते, हे मला आईकडून कळलं होतं. साहेबाला नाही म्हणून आलेला माणूस त्या नव्या गाडीत नुसती तिकिटं कापत होता, कारण त्या लोकांना ते ओळखत नव्हते.

"तिकडं कोन लोक असतात गाडीत?" आईनं विचारलं.

"पानमळ्याचे," बाबा म्हणाले. "केळीवाले. परतवाड्याचे काही." मग म्हणाले, "त्यांनी काईच आयकलं नाई अजून."

पुढच्या सोमवारी त्यांनी अंजनगावच्या गाडीत निळ्या दगडापासून सुरुवात केली. उन्हाळा संपायच्या आत पुन्हा तक्रार आली आणि साहेबांनी पुन्हा बोलावलं. जाताना बाबांनी मला विचारलं, "काय सांगू?"

मी म्हटलं, "सांगा, गोष्ट संपली की बंद करतो."

त्यांनी तसंच सांगितलं. साहेब म्हणाला, ठीक आहे, संपवा लवकर. बाबांनी मान डोलावली. तोवर नमऱ्याची कुरुमकडच्या दोन एकरांत पहिली पेरणी व्हायची होती, आणि पेरणीनंतर डवरणी, डवरणीनंतर फवारणी सोडून बाकीची सगळी कामं. बाबा निवृत्त होईपर्यंत त्याचा कापूस काही बाजारात पोचला नाही.